अस्सलपणाचे शिरस्तेदार

ज्यांना आपल्या आळीतल्या मुलांची नावे आठवत नाहीत, परंतु 1964 सालच्या पाँटिअॅक जीटीओच्या इंजिनाचे घनमान 389 घनइंच होते हे झोपेतून उठवले तरी अचूक सांगता येते, अशा गृहस्थांचा एक पंथ आहे. आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या कोठीवर सुट्या भागांची मोजदाद करण्यात हयात घालवून आता सफाळ्यास स्थायिक झालेले आमचे अण्णा हे त्या पंथाचे निर्विवाद आचार्य होत.

अण्णांचे अध्ययन अमेरिकन गाड्यांचे. त्या दांडगट गाड्यांत खरी कोणती आणि सोंग कोणते, हे ओळखण्याची विद्या त्यांनी जुन्या मासिकांतून संपादन केली. जीटीओ ही पहिली दोन वर्षे ल मान्स गाडीवर अधिक दाम देऊन चढवायची केवळ एक सामग्री होती, सबब चेसिसच्या क्रमांकावरून तिची जात कळत नाही आणि कारखान्याच्या दप्तरातला दाखलाच काढावा लागतो, हे ते अशा गांभीर्याने सांगतात की ऐकणाऱ्यास आपल्याही जन्माचा दाखला जागेवर आहे की नाही याची शंका यावी. मात्र अशी एकही गाडी अण्णांनी उभ्या जन्मात प्रत्यक्ष पाहिलेली नाही. जनरल मोटर्सने मुंबईचा आपला कारखाना 1954 मध्येच बंद केला आणि पुढे परदेशी गाडी आणणे हे दुरापास्त झाले. म्हणजे अमेरिकेत या गाड्या जन्मास येण्याच्या दहा वर्षे आधीच अण्णांच्या नशिबाचा दरवाजा लागला होता.

एवढी विद्या पोटात घेऊन मनुष्य स्वस्थ कसा बसणार? ती जीपवर उतरली. महायुद्धानंतर डिस्पोजलात निघालेल्या आणि पुढे महिंद्र मंडळींनी मुंबईस जुळवलेल्या जीपगाड्या केळव्यापासून दातिवऱ्यापर्यंत अजून कुठे कुठे तग धरून आहेत, आणि त्यांतील प्रत्येकीचा मालक आपली गाडी ‘लढाईतली’ असल्याचे शपथेवर सांगतो. त्यातून 1969 मध्ये सुरू झालेले तारापूरचे अणुवीज केंद्र अमेरिकन कंपनीने उभारलेले असल्यामुळे ‘आमची गाडी तिथल्या गोऱ्या साहेबाची’ ही वंशावळही या मुलुखात सुलभ आहे. अण्णांचे म्हणणे असे की, एवढ्या गाड्या खऱ्या धरल्या तर त्या साहेबांना अणुभट्टी बांधण्यास फुरसत मिळाली असती असे दिसत नाही.

गाडी पाहण्यास अण्णा जातात ते विजेरी, भिंग, तारेचा ब्रश आणि रॉकेलची बाटली घेऊन. मालकाने पुढे केलेल्या चहास ते पंचनामा पुरा होईतो स्पर्श करीत नाहीत. प्रथम दर्शनी जाळी: लष्करी जीपच्या जाळीला उभ्या फटी नऊ, मुलकी जीपच्या जाळीला सात. मग जमिनीवर उताणे पडून पुढचा आडवा दांडा: विलीज कंपनीचा असेल तर नळीसारखा गोल, फोर्डचा असेल तर पन्हळीसारखा. फोर्ड कंपनीने तर आपल्या जीपच्या बहुतेक भागांवर, बोल्टांच्या डोक्यांवरदेखील, आपले ‘एफ’ हे अक्षर ठोकले होते. आणि शेवटी क्रमांक. फोर्डच्या जीपमध्ये इंजिनाचा व चेसिसचा क्रमांक मुळात एकच असे, विलीजमध्ये मात्र तो कारखान्यातूनच निराळा येई. त्यामुळे एखाद्या भाबड्या मालकाने ‘दोन्ही नंबर जुळतात, अण्णा!’ असे हर्षाने सांगितले, आणि गाडी विलीज निघाली, की त्या जुळण्यातच अण्णांना बनावटीचा धडधडीत पुरावा सापडतो. वस्तुतः या गाड्या इतकी वर्षे चालल्या त्या कुर्ल्याच्या भंगारातल्या मालावर, लेथवाल्याच्या हिकमतीवर आणि बोनेटखाली बेमालूम बसवलेल्या मॅटाडोरच्या डिझेल इंजिनावर. पण धावणारी गाडी ही अण्णांच्या लेखी मुळातच संशयित असते. आजवर त्यांच्या कसोटीस एकही जीप उतरल्याचे ऐकिवात नाही, आणि उतरलीच तर त्यांचा दिवस वाया जाईल असे माझे मत आहे.

माकुणसारच्या एका वाडीवाल्याच्या जीपखाली तर अण्णा इतका वेळ नाहीसे झाले होते की घरच्यांनी दोनदा वाकून पाहिले. बाहेर आले ते घामाने व वंगणाने माखलेले, परंतु मुद्रेवर अपूर्व तेज.

“तात्या, तुमची जाळी मुलकी, इंजिन मॅटाडोरचे, बॉडी पत्रेवाल्याची,” अण्णांनी निकाल वाचला, “पण मागल्या स्प्रिंगचा एक बोल्ट अस्सल फोर्डचा आहे. अक्षर स्वच्छ दिसते. त्याभोवती ही गाडी कोणी उभी केली?”

“अण्णा, ते राहू द्या. पहाटे भाजी घेऊन विरारला जायचंय. गाडी निघेल ना?”

“गाडीचे मला विचारू नका. हा बोल्ट असल्या गाडीत राहणे शोभत नाही, एवढेच मी सांगतो.”

तात्या व्यवहारी मनुष्य. त्यांनी पाना आणून बोल्ट सोडवला आणि अण्णांच्या हाती दिला. अण्णांनी तो धुतला, रुमालात गुंडाळला, आणि आता निवून गेलेला चहा मोठ्या संतोषाने घेतला. पालघरच्या हार्डवेअरवाल्याकडून आणलेला नवा बोल्ट तात्यांनी दिवेलागणीपूर्वी बसवला. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.