बाई बाई, कपाटाला कोपराच नाही!

परभणीत हल्ली वास्तुशांतीला गेलं की आधी कोपरे शोधायचे. सापडले तर समजावं, यजमानांचं बजेट मधेच संपलं. वसमत रोड म्हणू नका, जिंतूर रोड म्हणू नका, कारेगाव रोड म्हणू नका, जिथं नवं घर तिथं गोलाई. टीव्ही युनिट गोल, शोकेसचे कप्पे गोल, पलंगाची उशाकडची बाजू गोल आणि हॉलमधून किचनकडं जायला कमान! सत्यनारायण राहतो बाजूला, बायका सगळ्या त्या कपाटाच्या कडेवरून बोटं फिरवत उभ्या. तोंडावर, "अय्या, किती गुळगुळीत!" आणि जिना उतरल्यावर, "एवढ्या पैशात आमच्या धाकट्याची खोली बांधून झाली असती."

त्या कमानीचीच गंमत ऐका. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या कितीतरी घरांत हॉल आणि किचनच्या मधे विटांची कमान होतीच की! मग कुणीतरी म्हणालं, जुनाट दिसते. झालं! मिस्त्री लावून, मजुरी मोजून लोकांनी कमानी फोडल्या, चौकटी सरळ केल्या. आता त्याच जागी, त्याच मापाची कमान प्लाय आणि पीओपीची. फोडायलाही आपणच पैसे दिले, जोडायलाही आपणच!

आणि गोल कपाट काय आजच आलं? खेड्यातल्या घरोघरी कणगी असायची. तुराट्यांची नाहीतर बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, पोटात वर्षाची ज्वारी. गोल स्टोरेज ते हेच! वाड्यांत महिरपी होत्या, कोनाड्यांना वर कमान होती. ते सगळं अडगळ ठरवून लोखंडी चौकोनी कपाट आणलं. गोदरेजनं स्टीलची कपाटं 1923 मधे काढली. पुढं कपाट म्हटलं की ते चार कोपऱ्यांचंच, असं आपण धरून चाललो. आता शंभर वर्षांनी कोपऱ्यांवर संक्रांत.

सुताराच्या वर्कशॉपमधे डोकावलं की खरी भानगड कळते. प्लायचा ताव आठ बाय चार, अगदी सरळ. साध्या प्लायमधे एका थराचे रेषे उभे, पुढच्याचे आडवे, म्हणून तो वाकायला तयार नसतो. मग दोन उपाय. एक तर पाठीमागून करवतीनं जवळजवळ खाचा पाडायच्या आणि हळूहळू वळवायचा. नाहीतर फ्लेक्झी प्लाय आणायचा; त्यातले रेषे बहुतेक एकाच दिशेनं, म्हणून तो एका अंगानं वळतो. आत जाड प्लायच्या गोल कापलेल्या फासळ्या, त्यांवर हा पातळ प्लाय दोन-तीन थरांत चिकटवायचा, क्लॅम्प लावून रात्रभर ठेवायचा. शेवटी सनमायका. हीट गननं तापवत वळवताना सुतार श्वास रोखून धरतो. कुठं "कट्" आवाज आला की पट्टी वाया. आपल्या गावाची म्हणच त्याच्या कामाला आली: बनी तो बनी, नहीं तो परभणी!

आता हिशेब करा. चार फुटी चौकोनी तुकड्यातून चार फुटी गोल टेबलाचा वरचा भाग कापला, तर शंभरातला एकवीस भाग तुकड्यांत आणि भुशात जातो. त्याचेही पैसे आपल्याच बिलात. गोल दाराच्या आत ड्रॉवर मात्र सरळच सरकणार, म्हणजे कडेची जागा गेली. लग्नातल्या रजया ठेवायच्या कुठं? पलंगाखाली. आणि गोल पलंगाखाली रजया ढकलून बघा एकदा!

"हे सगळं मुंबईचं खूळ," असं म्हणून नाक मुरडणाऱ्याही आहेत. मुंबईनं हे 1930 च्या दशकातच करून घेतलं. मरीन ड्राइव्हच्या इमारतींच्या गोल गॅलऱ्या, 1933 चं रीगल थिएटर, 1938 चं इरॉस थिएटर. 2018 मधे युनेस्कोनं त्या आर्ट डेको शैलीच्या इमारतींना जागतिक वारशात बसवलं. त्याच्याही आधी, 1859 मधे, थोनेट नावाच्या फर्निचरवाल्यानं लाकूड वाफेवर वाकवून खुर्ची काढली. सहा तुकडे लाकूड, दहा स्क्रू, दोन नट. स्वस्त आणि हलकी, म्हणून कॅफेकॅफेत पोचली. इराणी हॉटेलात वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीवर चहा प्यायला असाल, तर ती त्याच घराण्यातली. त्याची गोलाई लाकूड वाचवण्यासाठी होती. आपली गोलाई एवढं लाकूड वाया घालवणं परवडतं, हे चारचौघांत सांगण्यासाठी! इकडं कर्जाचा हप्ता सुरू, तिकडं ऐपत वळणं घेत भिंतीवर.

ओट्याच्या टोकाची गोलाई तेवढी मी बिनतक्रार मान्य करते. तिथल्या टोकानं घाईत किती जणींच्या कंबरेला काळंनिळं केलंय आणि पळत्या पोरांच्या कपाळाला टेंगळं आणलीत, ते घरोघरी माहीत आहे. बाकीच्या गोलाईचं काम एकच: आलेल्या पाहुण्यांना घरी परत जाईपर्यंत बोलायला विषय पुरवणं. तेवढ्यापुरते मात्र पैसे शंभर टक्के वसूल!