गेलेल्या बाजारासाठी हळहळावं कसं: नवशिक्यांसाठी खामगावी पद्धत

खामगावच्या बाजारासाठी हळहळायचं तर ते काम हलकं समजू नये. पुण्याला नोकरी करणारी मुलं दिवाळीला गावी येतात, फरशी नावाच्या बाजारभागात उभी राहून मोबाइलवर दोन फोटो काढतात, "पहिल्यासारखं काही राहिलं नाही" म्हणतात आणि शेगावची कचोरी खायला निघून जातात. याला उसासा म्हणतात. उसासा कोणीही टाकतं, म्हैससुद्धा. हळहळीला मेहनत आहे, आणि ती शिकवणारी शाळा बुलढाणा जिल्ह्यात अजून निघालेली नाही. तोवर हे चालवून घ्यावं.

साहित्य

एक म्हातारा माणूस. स्वतःचे आजोबा असले तर उत्तम, नसले तर शेजारचे मागून आणावेत. बसायला एक पायरी, शक्यतो बंद पडलेल्या दुकानाची. दोन कट चहा. एक मोठा रुमाल, खांद्यावर टाकतात तसला. त्याचं काम पुढे येईल. कागद-पेन मात्र आणू नये. कागद दिसला की म्हातारी माणसं खरं बोलायचं सोडून भाषण करायला लागतात.

वर्ष ठरवणं

नवशिके इथंच घसरतात. बाजार कधी चांगला होता, असं विचारलं की प्रत्येक जण न चुकता आपण दहा वर्षांचे होतो ते साल सांगतो. साठीतल्या माणसाचा बाजार एका साली संपला, पन्नाशीतल्याचा त्यानंतर दहा वर्षांनी, आणि दोघंही एकाच पायरीवर बसून एकमेकांना खोटं पाडतात. म्हणून साल ठरवण्याआधी थोडा मागचा हिशेब पाहावा.

रेल्वे नव्हती तेव्हा वऱ्हाडातला कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. पुढे 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. 1870 मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत फाटा टाकला गेला, जेमतेम तेरा किलोमीटरचा, आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एवढ्याशा फाट्यासाठी एवढा मोठा माणूस का आला, असं कोणी विचारलं तर कापसाचे ढीग दाखवावेत. त्या काळी कापसाच्या बाजारात खामगावचं नाव वऱ्हाडात सगळ्यांत वर होतं. अमरावती पुढे गेली ती नंतर. त्याबद्दल खामगावात अजूनही मोठ्यानं बोलत नाहीत.

आता विचार करा. ज्या दिवशी इथं मांडव घालून, पताका लावून गाडीचं स्वागत झालं, त्या दिवशी एखाद्या तांड्याचा नायक लांब उभा राहून रुळांकडे बघत असणारच. आता आपल्या बैलांना कोण विचारतंय, हे त्याला आपल्या सगळ्यांच्या आधी कळलं असेल. त्याचं म्हणणं कोणी लिहून ठेवलं नाही. खामगावच्या बाजारासाठीची पहिली हळहळ तिथंच वाया गेली. आपण दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेचे आहोत, एवढं ध्यानात ठेवलं की साल कोणतंही निवडा, चालतं.

ऐकून घेणं

म्हाताऱ्याला पायरीवर बसवा, चहा द्या आणि गप्प बसा. पहिली पाच मिनिटं तो आजच्या रहदारीला शिव्या देईल, त्या ऐकून घ्याव्यात. मग तो आपोआप दसऱ्यानंतरच्या दिवसांवर येतो. शेतात वेचणीआधीच्या पूजेचं सीतादही झालं, पहिला वेचा घरात आला, की गाड्या जुंपल्या जायच्या.

"मानूस मावे नाही, बापू. गाड्याच गाड्या राहत. रात्रीच निघा लागे, त नंबर लागे. नाही त दोन दोन दिवस गाडीखालीच झोपा."

इथं त्याला अडवू नका. गाडीखाली झोपणं हा सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. बैल सोडलेले, पुढ्यात कडबा, थोडी ढेप. धुऱ्या टेकवून उभ्या केलेल्या गाड्यांची रांग. पहाटे सरकी काढणाऱ्या जिनचा भोंगा. रस्त्यावर सांडलेला कापूस वेचणारी पोरं. कडुनिंबाच्या झाडांना अडकलेले, धोतराला, मिशीला चिकटलेले कापसाचे पुंजके. सरकीचा तेलकट वास, शेणाचा वास, आणि त्या दोन्हींवर मात करणारा आलूबोंड्याच्या कढईचा वास. कापूस विकला की खरेदी: वखराची पास, कासरे, वेसणी, पोळ्यासाठी आत्ताच घेऊन ठेवलेली घुंगरमाळ, घरच्यांसाठी लुगडं, पोरांना रेवड्या. साल चांगलं गेलं असेल तर सराफाची पायरी. खामगावला रजतनगरी म्हणतात ते उगीच नाही. कापसाचा पैसा चांदीत घालून ठेवायची वऱ्हाडाची जुनी रीत. तोडे, वाळे, गोठ घडवून घ्यायचे आणि पुढच्या दुष्काळात तेच गहाण टाकायचे. म्हातारा घडवण्याचं सांगेल. गहाण टाकण्याचं तुम्हाला विचारावं लागेल.

काट्याची बाजू

सगळ्यात महत्त्वाचा भाग हा, आणि नव्वद टक्के हळहळणारे तो गाळतात. (नव्वद हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, पण मी पायऱ्यांवर बराच बसलो आहे.) आपले आजोबा काट्याच्या कोणत्या बाजूला उभे होते, हे आधी ठरवा. तोलणाऱ्याच्या की तोलून घेणाऱ्याच्या? गेलेल्या बाजाराबद्दल जे काही गोड लिहिलं गेलंय, ते बहुतेक ओट्यावरून, गादीवर लोडाला टेकून पाहिलेलं आहे. गाडीवाल्याचा बाजार वेगळा होता.

आता तो रुमाल काढा. एकानं दुसऱ्याचा हात रुमालाखाली धरावा आणि बोटं दाबून भाव सांगावा. तिसऱ्यानं शेजारी उभं राहून आपल्याच मालाचा भाव काय ठरला, ते दोघांच्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न करावा. कित्येक बाजारांत सौदा असाच व्हायचा, आणि तो तिसरा माणूस म्हणजे शेतकरी. सराव दहा मिनिटं पुरे. तिसऱ्याच्या जागी एकदा स्वतः उभं राहावं, म्हणजे बरंच काही समजतं.

भाव कळला की मग वजाबाकी. अडत, तोलाई, हमाली, नमुन्याला काढलेला कापूस, ओलीचा कडता, वर धर्मादाय. कोणाचा धर्म आणि कोणाचं दान, हे विचारायची सोय नसायची. हे सगळं इतकं माजलं होतं की नियंत्रित बाजाराची कल्पना हिंदुस्थानात पहिल्यांदा राबवावी लागली ती आपल्या वऱ्हाडातच: 1886 साली कारंज्याला पहिला असा कापूसबाजार, आणि 1897 साली सगळ्या वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्यबाजाराचा कायदा. अभिमानानं सांगावं अशी गोष्ट आहे. फक्त हेही सांगावं की त्या कायद्याखालच्या समित्यांवर वजन व्यापाऱ्यांचंच राहिलं.

ओट्यापलीकडेही काटे होतेच. विंटरथूर नावाच्या स्विस गावातून निघालेल्या व्होल्कार्ट ब्रदर्सनी एकोणिसाव्या शतकातच खामगावात खरेदी मांडली होती: इथंच कापूस घ्यायचा, इथंच सरकी काढायची, इथंच गाठी बांधायच्या आणि रेल्वेनं मुंबईच्या बंदरावर पाठवायच्या. हीच कंपनी 1954 मध्ये टाटांबरोबर व्होल्टास काढण्यात भागीदार झाली. ज्या घराण्यानं आपल्या पणज्याचा कापूस घेतला, त्याचंच पुढचं पिल्लू आज आपल्याला उन्हाळ्यात थंड हवा विकतं. बाजारात काही वाया जात नाही.

दोष कोणाला द्यावा

नवशिका लगेच मॉलवर जातो. खामगावचा गाडीबाजार मॉलनं मारला, असं म्हणणं म्हणजे आजोबा मोबाइलच्या किरणांनी गेले म्हणण्यासारखं आहे. बाजार हप्त्याहप्त्यानं गेला. 1972 मध्ये राज्यानं कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली. त्या काळात खासगी व्यापाऱ्याला कापूस विकायचा नाही, संकलन केंद्रावर न्यायचा. गाड्यांच्या रांगा राहिल्या, गाडीखालची झोप राहिली, कडतासुद्धा वेगळ्या नावानं राहिला. गेली ती घासाघीस. तिच्या जागी चुकाऱ्याची वाट पाहणं आलं. म्हातारा इथं आवाज खाली करेल आणि रात्रीच्या अंधारात बऱ्हाणपूरकडे, मध्यप्रदेशच्या हद्दीत गेलेल्या गाड्यांबद्दल काही सांगेल. ते ऐकावं आणि विसरून जावं.

मग सोयाबीन आलं. चार महिन्यांत हातात पैसा, वेचणीला मजुरांच्या मिनत्या नाहीत. 2002 पासून बीटी बियाण्याचा कापूस आला आणि बियाणं घरचं राहिलं नाही. बैल कमी झाले, टेम्पो वाढले. टेम्पो थेट गावाबाहेरच्या जिनमध्ये जातो, मोजून घेतो, पैसे खात्यात. शेतकऱ्याला शहराच्या मध्यावर यायचं कारणच उरलं नाही. आला तर मोटरसायकलवर येतो, औषधाची बाटली घेतो आणि अंधाराच्या आत घरी.

मला विचाराल तर गेलेली गोष्ट ही. पूर्वी हंगामात दोन-चार दिवस शहराचा मध्य खेड्याचा असायचा. शेतकरी लुबाडला जायचा, पण तिथंच रांधायचा, तिथंच झोपायचा, चौकात बसून भाकरी-ठेचा खायचा आणि शहरवाल्यांना त्याच्या बैलांच्या मधून वाट काढत जावं लागायचं. आता चौकात दुकानं जास्त आहेत, उजेड जास्त आहे, आणि त्याला दहा मिनिटं गाडी लावायला जागा नाही. काटा बराच सुधारला, हे खरं आहे. बसायची जागा गेली, हेही खरं आहे. दोन्हींचा सौदा एकाच रुमालाखाली झाला, आणि त्याला पुन्हा कोणी विचारलं नाही.

प्रत्यक्ष फेरी

एवढी तयारी झाली की फिरायला निघावं. शक्यतो जलंबला उतरून खामगावच्या फाट्यानं यावं. हा फाटा अजून खामगावातच संपतो. पुढं जालन्यापर्यंत रूळ नेण्याची मागणी इतकी जुनी आहे की आजोबांनी ती त्यांच्या आजोबांकडून ऐकली होती. या विषयावर हळहळू नये. जे आलंच नाही त्याच्यासाठी हळहळणं वेगळ्या परीक्षेचा विषय आहे, आणि त्यात बुलढाणा जिल्हा कायम पहिला येतो.

स्टेशनातून पायी निघा. दालफैल, सतीफैल, बाळापूर फैल अशी नावं वाटेत विचारत चला. "फैल" म्हणजे काय, हे परगावच्या पाहुण्याला समजावून सांगायच्या भरात पडू नका, फेरी तिथंच संपेल. एखादी जुनी जिन किंवा प्रेस दिसली तर थांबा. लाल विटा, उंच धुराडं, पत्रा उडालेलं छप्पर. भिंतीवर आता मंगल कार्यालयाची नाहीतर शिकवणीची पाटी असेल. तिच्यावर नाक मुरडू नये. ज्या पोरीची आजी इथं सरकी निवडत होती, ती आत बसून नीटचा अभ्यास करत असेल तर ही चांगली बातमी आहे.

फरशीवर पोचलात की फोटो काढायचा मोह होईल. काढा, पण आधी एक गोष्ट करा. कडेला हातगाड्या असतात: जांब, बोरं, लसूण, प्लास्टिकच्या चाळण्या, मोबाइलची कव्हरं. आणखी वीस वर्षांनी कोणीतरी दहा वर्षांचं पोर मोठं होऊन याच गाड्यांसाठी हळहळणार आहे, आणि त्या वेळी त्याच्या पायरीवर म्हातारा म्हणून तुम्ही असाल. सांगायला तुमच्याकडे काहीतरी असायला हवं. म्हणून गाडीवाल्याशी बोला. तो कुठल्या गावचा, सकाळी कितीला निघतो, जागेचे पैसे कोणाला देतो, गाडी उचलायला माणसं आली की कुठल्या बोळात पळतो, हे सगळं विचारून घ्या. तो संशयानं पाहील.

"काहून विचारता, साहेब? नगरपालिकेचे हा का?"

नाही म्हणावं आणि पाव किलो बोरं घ्यावीत. भाव सांगेल तोच द्यावा. घासाघीस करायची हौस असेल तर ती सराफाकडे करावी. आणि नुसता भाव विचारून पुढं जाऊ नये. तसल्या गिऱ्हाइकाला खामगावात काय म्हणतात, ते पायरीवरच्या आजोबांना विचारा, पण घरच्या बायकामुलांसमोर नको.