मेल आलाच नाही!

पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये दरवर्षी वार्षिक सभांचा हंगाम येतो. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत सभा उरकायची आणि नोटीस पूर्ण १४ दिवस आधी पोचवायची, असा दंडक आहे. पूर्वी वॉचमन रजिस्टर घेऊन दारोदार हिंडायचा आणि सही घेतल्याशिवाय हलायचा नाही. आता सेक्रेटरी एक मेल सोडतात. त्यामुळे सभेत विषयपत्रिकेच्याही आधीचा विषय ठरलेला: ‘मला नोटीस मिळालीच नाही!’ हे म्हणणारे काका बहुतेक निवृत्त असतात, आवाज खणखणीत असतो आणि हातात मुलाने अमेरिकेहून आणलेला नवा फोन असतो.

गंमत अशी की ते खोटं बोलत नसतात.

मेल जोवर हॉलमधल्या कॉम्प्युटरवर, क्रोशाच्या रुमालाखाली राहत होता, तोवर त्याला ठावठिकाणा होता. पीओपी नावाच्या त्या जुन्या पद्धतीत मेल सर्व्हरवरून घरच्या यंत्रावर उतरायचा आणि तिकडची प्रत बहुधा पुसली जायची. आला तर इथेच, नाहीतर आलाच नाही. स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये आयमॅप ही दुसरी तऱ्हा काढली: मेल सर्व्हरवरच ठेवायचा आणि हव्या तितक्या यंत्रांवरून तो बघायचा. जीमेलने ही सोय २००७ मध्ये दिली. पुढे घरात फोन आला, टॅबलेट आला, सुनेचा जुना लॅपटॉप आला, आणि एकच मेल सगळीकडे दिसू लागला.

पण सर्व्हर मेलबरोबर ‘वाचला’ ही खूणही सांभाळतो, आणि वाचला की नाही हे तो डोळ्यांवरून नव्हे, अंगठ्यावरून ठरवतो. अलका टॉकीजच्या चौकात सिग्नल लाल असताना काकांनी मेल उघडला. ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की’ इथवर पोचले, तेवढ्यात मागच्या पीएमपी बसने हॉर्न दिला. सर्व्हरच्या लेखी नोटीस बजावून झाली. घरी लॅपटॉप उघडला तर तिथली ठळक अक्षरं आधीच बारीक झालेली. वाचलेलं दिसतंय, म्हणजे वाचलेलंच असणार! ‘न वाचलेला’ अशी उलटी खूण करता येते म्हणे. ती करणारा माणूस आमच्या पाहण्यात नाही.

त्यातून अँड्रॉइडवर जीमेलमध्ये बोट चुकून आडवं घसरलं, की मेल इनबॉक्समधून उठून अर्काइव्हमध्ये जातो. एका फोनवरून गेला की सगळ्याच यंत्रांवरून जातो. पुसला जात नाही, ‘ऑल मेल’मध्ये सुखरूप असतो. पण अर्काइव्ह म्हणजे वाड्याचा माळा. तिथे वस्तू आहे एवढंच समाधान, चढतो कोण?

काही जणांकडे मात्र नोटीस खरोखरच पोचत नाही, आणि खरा मासला तिथे आहे. गूगल फुकटात १५ जीबी जागा देतं. ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. फोटोंना आधी मोठी सवलत होती, ती १ जून २०२१ पासून बंद झाली. मग २०२४ मध्ये अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॅपचा बॅकअपही याच जागेत मोजायला सुरुवात झाली. आता हिशेब करा. पहाटे सूर्यफुलावर ‘शुभ सकाळ’, आठ वाजता सारसबागेचा गणपती, दुपारी कारल्याच्या रसाचे फायदे सांगणारा व्हिडिओ, रात्री चंद्रावर ‘शुभ रात्री’. हे सगळं मध्यरात्री फोन निमूटपणे ड्राइव्हवर चढवतो. जागा भरली की मेल येणं थांबतं. म्हणजे काकांची नोटीस अडवली ती सेक्रेटरींनी नव्हे. सोसायटीच्या ग्रुपवर काकांनीच टाकलेल्या सुविचारांनी.

खातं भरल्याचं पत्र गूगल पाठवणाऱ्याकडे इमानदारीत परत धाडतं. मग सेक्रेटरींना ते कळत कसं नाही? कारण सोसायटीचं खातं एक आणि पासवर्ड तिघांकडे. परतीचं पत्र खजिनदारांनी उघडलं. त्यांना वाटलं, पत्रव्यवहार सेक्रेटरींचा. सेक्रेटरींना ते वाचलेलं दिसलं. त्यांना वाटलं, खजिनदारांनी निस्तरलं. अध्यक्ष मेल बघत नाहीत, ते फक्त सही करतात.

शेवटी सभेत ठराव झाला, सूचक-अनुमोदक मिळाले: पासवर्ड बदलायचा, खातं एकाच फोनवर ठेवायचं. सेक्रेटरींनी तिथेच नवा फोन काढला. गूगलने खात्री करायला कोड पाठवला, खातं उघडताना नोंदवलेल्या नंबरवर. तो नंबर माजी सेक्रेटरींचा, आणि ते लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने न्यू जर्सीला. इथे सकाळचे अकरा, तिथे रात्रीचा दीड. कोडची मुदत मिनिटांची. सकाळी उठल्यावर त्यांनी तो पाहिला आणि जबाबदार माणसासारखा ताबडतोब पुढे धाडला, सोसायटीच्या मेलवर.