पावती तेवढी पाठवा

रविवारी दुपारी जेवणं आटोपून आम्ही दोघं ‘लुटेरा’ पाहायला बसलो. २०१३ चा सिनेमा, ओ. हेन्रीच्या ‘द लास्ट लीफ’वर बेतलेला. बंगालातल्या माणिकपूरच्या जमीनदाराकडे रणवीर सिंग पुरातत्त्व खात्याचा माणूस म्हणून येतो आणि जमीनदाराच्या मुलीचं काळीज अन् देवळातली मूर्ती असा दुहेरी ऐवज घेऊन पसार होतो. त्या धक्क्यानं म्हातारा जातो. पुढे डलहौसीच्या बर्फात तीच सोनाक्षी सिन्हा क्षयानं खंगलेली, खिडकीतून समोरच्या झाडाची पानं मोजत बसलेली. शेवटचं पान गळलं की आपणही गेलो, अशी तिची खात्री. हा परत येतो आणि ज्याला पूर्वी एक पान धड रंगवता येत नव्हतं तो गडी रंगवलेलं पान बर्फात झाडावर चढून फांदीला बांधतो.

माझा गळा दाटून आला. तेवढ्यात शेजारून लसूण सोलता सोलता प्रश्न आला, “अहो, पण मूर्तीचं काय झालं?”

“कुठल्या मूर्तीचं?”

“देवळातल्या. ती नाही आणली त्यानं परत?”

“अगं, तो जिवावर उदार होऊन पान बांधतोय!”

“बांधू दे की. पान काय गाभाऱ्यात ठेवायचंय?”

मी आवाज वाढवला (टीव्हीचा). पण दुपार नासली ती नासलीच. आठवू लागलो, तर पडद्यावरचे आपले चोर प्रायश्चित्त म्हणून जीव देतील, तुरुंगात जातील, मुद्देमालाचं मात्र नाव काढणार नाहीत. १९४३ च्या ‘किस्मत’मधला अशोककुमार हा सराईत पाकीटमार, तरी कलकत्त्याच्या रॉक्सीत तो सिनेमा तीन वर्षांहून जास्त चालला. ‘आवारा’त (१९५१) राज कपूर नर्गिसला वाढदिवसाला हार देतो, पण डबी नाही. पृथ्वीराज कपूर डबी देतात, उघडून बघावं तर आत हार नाही! माल योग्य जागी पोचतो खरा, पण चोराला त्याचा पत्ताच नसतो. शेवटी त्याला तीन वर्षांची शिक्षा होते, आणि नर्गिस थांबायला तयार असते.

नर्गिस थांबणार असेल तर मीही सुधारेन. माझं पाकीट मारणाऱ्याला ही सोय कुठली? मागल्या महिन्यात दादरच्या पुलावर, संध्याकाळच्या गर्दीत, त्याच्या वाट्याला आलो मी. एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात छत्री, कपाळाला घाम. हे ध्यान पाहून कुणाचं हृदयपरिवर्तन व्हायचं? १८४० रुपये गेले. ठाण्यात तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदारांनी एवढंच विचारलं, “मागच्या खिशात ठेवलं होतं ना?” मी मान खाली घातली. आरोपी मीच असल्यासारखं वाटलं.

बाराव्या दिवशी पोस्टमन दारात. मुंबईच्या पाकीटमारांची एक जुनी रीत आहे: रोकड काढून घ्यायची आणि कागदपत्रं टपालपेटीत टाकायची. तिथून ती आपली पत्त्यावर येतात. माझं आधार आलं, पॅन आलं, बँकेचं कार्ड आलं. आणि कार्डांच्या मध्ये, कोपरा दुमडू नये अशा बेतानं सरकवलेला, स्वामी समर्थांचा फोटो.

बायकोनं तो पदरानं पुसला, देव्हाऱ्यात ठेवला आणि म्हणाली, “बघा. ह्यानं देव परत पाठवला. तुमच्या त्या रणवीरला जमलं का?”

तेव्हापासून घरात पाकीटमाराला ‘तो बिचारा’ म्हणतात. पुलावर मी जरा आदरानंच आजूबाजूला पाहतो. कोण जाणे, यांच्यापैकीच एखादे असतील.

फक्त एक राहिलं. पाकिटात शिंप्याची पावतीही होती, बायकोच्या पैठणीवरच्या ब्लाऊजची. शिंपी पावतीशिवाय ब्लाऊज देत नाही, आणि भाचीचं लग्न येत्या वीस तारखेला आहे. तेव्हा हे वाचनात आलंच तर त्या गृहस्थांना हात जोडून विनंती: पैसे ठेवा, पाकीट वापरा, पावती तेवढी पाठवा. पत्ता तुम्ही आधारवर पाहिलेलाच आहे.