काडतूस भरून मिळेल काय?

आमच्या सुभेदारमामांची दुनळी बंदूक वर्षातून एकदा, खंडेनवमीला बाहेर येते. तिला तेलपाणी होतं, हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ पडते आणि संध्याकाळी ती परत कपाटात जाते. मध्ये निवडणूक लागलीच तर आचारसंहितेपायी पोलीस ठाण्याची एक वारी घडते. बाकी सातारा जिल्ह्यातल्या बऱ्याच परवान्याच्या बंदुकांसारखी तीही पेन्शनीतच आहे. पण मामा पडले फौजी. हत्यार घरात आहे तर बार हाताशी पाहिजे, हे ते पलटणीत शिकले. आणि जे काही पाहिजे ते स्वस्तात पाहिजे, हे मामींकडून.

यंदा पाटणकडच्या शेतात रानडुकरांनी भुईमूग उकरला. डुकराला मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, ती मामांकडे नव्हती आणि मारायची हौसही नव्हती. नुसता आवाज काढायचा होता. त्यासाठी त्यांनी खडकीच्या कारखान्यातली बारा बोअरची काडतुसं आणली. तो कारखाना १८६९ पासून दारूगोळा करतोय, तेव्हा मालाबद्दल तक्रार नव्हती. तक्रार पावतीबद्दल होती. दोन बार हवेत काढून मामा घरी आले, रिकामी नळकांडी ओट्यावर उभी केली आणि मला फोन लावला.

“जावईबापू, जरा या. एक हिशेब दाखवायचाय.”

हिशेब सरळ होता. दारू जळली, छर्रे गेले, बुडाची टोपी फुटली. पण प्लास्टिकची नळी धडधाकट, पितळी बूड चकचकीत. “मग हे टाकायचं का म्हणून? लायटर भरून मिळतो, पेनाची कांडी बदलून मिळते. काडतूस भरून मिळायला काय धाड भरली?”

मामी आतून म्हणाल्या, “गेल्या साली प्रेशर कुकरची शिट्टी घरी दुरुस्त केली होती, ते आठवा म्हणावं.” छताकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

मामांचा भाचा टेक्सासला असतो. मूळचा विट्याचा, सॉफ्टवेअरमधला, आणि शनिवार-रविवार हाच उद्योग करणारा. तिकडे स्वतःपुरती काडतुसं भरायला परवाना लागत नाही. लोक गॅरेजमध्ये टेबल मांडून भरत बसतात. रात्री व्हिडिओ कॉल लागला. भाच्याने कॅमेरा फिरवला आणि टेबलाला बोल्टने आवळलेलं एक लोखंडी धूड, म्हणजे प्रेस, दाखवलं. वर दांडा, खाली नळकांडं ठेवायची जागा. मामी लांबूनच म्हणाल्या, “हा तर सोऱ्या.” भाचा हसला, पण उपमा चपखल बसली. दांडा दाबला की नळकांडं साच्यात शिरतं. साचा बदलला की पुढचं काम. एका साच्यात फुगलेलं पितळ मूळ मापाला येतं आणि जुनी टोपी निघते, दुसऱ्यात गोळी बसते.

“नवशिक्याने कोणतं घ्यावं?” मामांनी वही उघडली.

“एका दाबाला एकच काम करणारं. सिंगल स्टेज,” भाचा म्हणाला. “मोठं मशीन घ्यायचा मोह होतो बघा. त्यात एका दांड्याला चार-पाच कामं होतात, धडाधड माल पडतो. पण चुकाही धडाधड पडतात. एखाद्यात दारू पडतच नाही, एखाद्यात दोनदा पडते.”

“दोनदा पडली तर?”

“तर बंदूक दोन्हीकडून उडते, मामा.”

वहीत ‘सिंगल’ खाली दोन रेघा पडल्या. त्यानंतर भाच्याने जी यादी सांगितली ती ऐकून मला लग्नाच्या रुखवताची आठवण झाली. मशीन आरसीबीएस कंपनीचं घ्यावं, लीचं की हॉर्नेडीचं, यावर तिकडे भाऊबंद एकमेकांशी अबोला धरतात म्हणे. लीचीच एक खिशात मावणारी पेटीही मिळते, प्रेस नको की टेबल नको, नुसता लाकडी हातोडा मारायचा. स्वस्त असल्यामुळे मामांचे डोळे चमकले. “त्यात टोपी बसवताना कधीमधी ती फुटते,” एवढं भाचा म्हणाला आणि मामींनी कुकरकडे पाहिलं.

पितळ उजळायचं पिंपही असतं. त्यात अक्रोडाच्या टरफलांचा भुगा घालून नळकांडी तासन्‌तास घोळवतात. इथे मामी उठून गेल्या. ज्या घरात अक्रोड फक्त नव्या सुनेच्या ओटीत पाहायला मिळतो, तिथे नुसती टरफलं विकत घ्यायची ही कल्पना त्यांना सोसवली नाही.

टोपीचं प्रकरण तर वेगळंच. रायफलच्या काडतुसाच्या टोप्यांची दोन घराणी: एक बॉक्सर, एक बर्डन. बॉक्सर हा इंग्रज अधिकारी, बर्डन हा अमेरिकन. पण इंग्रजाची टोपी चालते अमेरिकेत आणि अमेरिकनाची चालली युरोपात. बॉक्सरच्या नळकांड्याला मधोमध एकच भोक, त्यातून सळई घालून जुनी टोपी ढकलता येते. बर्डनला बाजूला दोन बारकी भोकं, सळई जाणार कुठून? म्हणून भरणारे लोक बर्डनच्या वाटेला जात नाहीत.

“म्हणजे दोघांनी एकमेकांच्या घरात पोरी दिल्या,” मामा म्हणाले, “आणि एकीचंच निभावलं.”

खरी गोम वजनकाट्याची होती. दारू ग्रेनमध्ये मोजतात. पौंडात ७००० ग्रेन. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. काटा ग्रेनचा दहावा भाग दाखवणारा हवा. मामींच्या स्वयंपाकघरातला काटा पाव किलोच्या खाली कुणाला ओळख देत नाही. तेव्हा मामांनी गाडी विट्याला काढली, दाजींकडे.

दाजी गलाईवाले. विटा, खानापूर, आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलेली आहेत. भट्टी, मूस, आम्ल आणि काटा एवढ्या भांडवलावर ती परमुलखात दुकान मांडतात. दाजींनी उभी हयात तामिळनाडूत काढली आणि आता गावी बंगला बांधून द्राक्षाच्या भावावर बोलत असतात. त्यांनी आतल्या खोलीतून काचेच्या पेटीतला काटा आणला, टेबलावर ठेवला, पंखा बंद केला आणि आम्हाला तोंडावर रुमाल धरायला लावला. श्वासानेसुद्धा आकडा हलतो. मामांनी मिशीतला एक केस उपटून ठेवला. आकडा उमटला. मामांच्या चेहऱ्यावर परमवीरचक्र मिळाल्यासारखा भाव.

“ग्रेनमध्ये चालेल का हा?” मी विचारलं.

“अहो, तोळा म्हणजेच १८० ग्रेन. इंग्रजानेच ठरवून ठेवलंय,” दाजी म्हणाले. “९६ गुंजांचा तोळा, म्हणजे गुंजेला दोन ग्रेनला थोडं कमी. आमच्या बापाने गुंजांवर धंदा केला. पण मोजायचं काय आहे?”

मामांनी सांगितलं. दाजींनी काटा पेटीत घातला, पेटीला कुलूप लावलं, पंखा सुरू केला. “पाव्हणं, आम्ही सोनं गाळतो. चुकलं तर सोनं जातं. तुमचं चुकलं तर पाव्हणाच जाईल. चहा घेणार का सरबत?”

मामा हटले नाहीत. परतताना गाडी किर्लोस्करवाडीकडे वळली. १९१० साली माळरानावर लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून या भागात लेथ चालवणारी घराणी आहेत. अशाच एका निवृत्त टर्नरची शेड मामांच्या ओळखीची. साचा अमेरिकेतून मागवण्यापेक्षा इथेच फिरवून घ्यायचा, असा बेत. टर्नरने रिकामं नळकांडं हातात घेतलं, व्हर्निअर लावलं, उलटसुलट केलं. माणूस खरा कारागीर. माप घेताना त्याचं तोंड अर्धवट उघडं राहतं. “सुतात बोलू नका, थाऊत बोला,” तो म्हणाला. “नकाशा द्या. हार्डनिंग करून, पॉलिश मारून देतो.” मग त्याला अचानक काहीतरी सुचलं. “जॉब कशाचा आहे हो हा?”

“बार भरायचा.”

नळकांडं मामांच्या खिशात परत गेलं. लेथ बंद झाला. “माझा नातू पोलीस भरतीची तयारी करतोय,” एवढंच तो म्हणाला.

मग मात्र मी मामांना मंगळवार पेठेत एका वकीलसाहेबांकडे नेलं. हे गृहस्थ फी घेत नाहीत, वेळ घेतात. त्यांनी १९५९चा शस्त्र कायदा काढला, चष्मा पुसला. परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, हे मामांना ठाऊकच होतं. “पण मी तयार कुठे करतोय? नुसता प्रेस आणून ठेवतो. भरायचं पुढच्या पुढे बघू.”

“इथेच मेख आहे,” वकीलसाहेब खूश होऊन म्हणाले. “दारूगोळा म्हणजे काय, हे कलम २ मध्ये दिलंय. त्यात काडतुसाचे सुटे भाग येतात आणि ते तयार करायची यंत्रसामग्रीही येते.”

“म्हणजे प्रेस हाच दारूगोळा?”

“हो.”

“तो बंदुकीत जात नाही.”

“कायद्यात जातो.”

२०१९च्या दुरुस्तीने विनापरवाना उत्पादनाची शिक्षाही वाढली. किमान सात वर्षं, पुढे जन्मठेपेपर्यंत. लग्नाच्या वरातीत हौसेने हवेत बार काढला तरी आता तुरुंग नाहीतर दंड. मामांनी वहीत आकडेमोड केली. काडतुसामागे वाचणारे पैसे एका बाजूला, सात वर्षं दुसऱ्या बाजूला. माझ्या मते हिशेब तिथेच मिटायला हवा होता. पण फौजी माणूस मोर्चा सोडताना थोडा गोळीबार करतोच. “आपल्या बापजाद्यांनी घरीच दारू कुटली, तेव्हा कुठलं कलम होतं?”

वकीलसाहेबांनी खिडकीचा पडदा सारला. वर अजिंक्यतारा. “तो मंगळाईचा बुरुज दिसतो? १७०० साली औरंगजेब स्वतः या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. ऐंशी ओलांडलेला बादशहा, हाताशी सगळ्या हिंदुस्थानचा खजिना आणि सुरुंग लावणारे कसबी लोक. १३ एप्रिलला दोन सुरुंग उडवले. पहिल्याने आतली माणसं गाडली. किल्लेदार प्रयागजी प्रभूसुद्धा ढिगाऱ्याखाली गेले आणि जिवंत निघाले. दुसरा मात्र उलटा उडाला. भिंत बाहेरच्या अंगाला पडली आणि खाली हल्ल्याला टपून बसलेलं बादशाही सैन्यच तिच्याखाली सापडलं. दोन हजाराच्या आसपास माणसं गेली म्हणतात. आठवडाभरात किल्ला मिळाला, तोही वाटाघाटीने. आता सांगा, बादशहाच्या तज्ज्ञांना दारूचा अंदाज आला नाही, तुम्ही ओट्यावर घेणार?”

मामा बराच वेळ बुरुजाकडे बघत होते. “त्याच्याकडे दाजींचा काटा नव्हता,” ते म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

घरी आल्यावर मी त्यांचं सांत्वन केलं. कंबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणलं, त्याचीही गोळी विकतचीच. त्याच्या पॉइंट टू-टूच्या काडतुसाला वेगळी टोपी नसतेच. पेटणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि घोड्याने ती कड चेपते. एकदा वाजली की संपली. ऑलिंपिकवाल्याला भरून मिळत नाही, तिथे आपण कोण?

तिकडून भाच्याच्या बायकोनेही धीर दिला. “मामा, ह्यांनी पैसे वाचवायला म्हणून सुरू केलं होतं. आता भरून ठेवलेलं संपवायला रोज रेंजवर जातात, आणि रेंजवर संपलं म्हणून रात्री भरत बसतात. पैसे कुठे वाचले ते मला अजून सापडलं नाही.”

मामांची धाकटी नात मात्र गप्प ऐकत होती. ती म्हणाली, “आजोबा, माझ्या वर्गातल्या मुली धनुर्विद्येला जातात. आपली अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनला जगज्जेती झाली ना, तेव्हापासून गर्दीच झालीय. बाण मारला की जाऊन उपटायचा, पुसायचा, परत लावायचा.”

मामांच्या मिशा हलल्या. “परत तोच?”

“तोच.”

“दारू नाही, टोपी नाही?”

“काहीच नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा नातीला घेऊन मैदानावर. मला बरोबर नेलंच, साक्षीदार म्हणून. प्रशिक्षकांनी कम्पाउंड धनुष्य दाखवलं: दोन्ही टोकांना चाकं, तारा, दुर्बिणीसारखं भिंग. मामांनी ते हातात घेऊन जवळपास सलामी दिली. मग किंमत विचारली. आकडा लाखात होता. माझा घसा कोरडा पडला. मामांचा चेहरा मात्र खडकीची पावती बघितल्यासारखा झाला आणि हळूहळू पूर्वपदावर आला. त्यांनी बाजूच्या भात्यातला एक बाण उचलला, डोळ्यासमोर आडवा धरून सरळ आहे का पाहिलं, मागची पिसं बोटाने चाचपली, टोक अंगठ्यावर दाबलं. मग खिशातून वही काढली आणि प्रशिक्षकांना अदबीने विचारलं,

“सर, हे बाण घरी करता येतील काय?”