सेल्फ लागत नाही : खान्देशी हिवाळ्यासाठी निदानपद्धती

प्रस्तुत मार्गदर्शिका धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांपुरती लागू आहे. द्रास-कारगिलच्या वाहनधारकांनी तिच्या भरवशावर राहू नये. निफाडकरांनी स्वतःच्या जबाबदारीवर वापरावी.

जानेवारीतल्या सकाळी गाडी चालू झाली नाही, की आधी बॉनेट उघडायचं नसतं. आधी तापमान ठरवायचं असतं. धुळेकराला हे सोपं जातं. तिथल्या कृषी महाविद्यालयात नोंदलेला आकडा पेपरात येतो आणि तो कधी सहा, कधी पाच, असा अभिमान वाटावा इतका खाली असतो. जळगावकर हा आकडा मान्य करत नाही. 'ते कॉलेज शेतात आहे, गावात कुठे एवढी थंडी?' असं म्हणून तो ममुराबादचा आकडा पुढे करतो. ममुराबादचं केंद्रही शेतातच आहे, हे त्याला त्या वेळी आठवू देऊ नये. आकड्यावर एकमत होईस्तोवर ऊन वर येतं आणि काही गाड्या तेवढ्यावरच चालू होतात.

न झाल्यास कानटोपी वर सरकवावी आणि किल्ली फिरवून ऐकावं. काहीच आवाज नाही आणि मीटरवरचे दिवेही लागत नाहीत, तर बॅटरी पार उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. दिवे लख्ख, पण सेल्फ मुका, तर क्लच दाबला आहे का ते पाहावं. बऱ्याच नव्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय दाद देत नाहीत. टक-टक-टक असा आवाज आला, तर करंट सेल्फपर्यंत पोचतोय, पण मोटर फिरवण्याइतका उरलेला नाही. इंजिन जड कण्हत फिरत असेल तर बॅटरी अशक्त आहे, त्यात गारठ्याने ऑईलही घट्ट झालंय. आणि सेल्फ झोकात फिरतोय पण गाडी पकडत नाही, तर बॅटरी निर्दोष समजावी. तिथे पेट्रोल, स्पार्क किंवा उंदीर यांच्याकडे वळावं. उबेला आलेला उंदीर रात्रभर इंजिनावर झोपतो आणि पहाटे वायरिंगचा नाश्ता करतो. त्यावर बॉनेटखाली तंबाखूची पुडी बांधण्याचा इलाज गल्लोगल्ली सांगितला जातो. उंदराचं मत कोणी घेतलेलं नाही.

आवाज गल्लीत गेला की समिती आपोआप जमते, निमंत्रणाची गरज नाही. 'काय व्हयनं भाऊ?' या प्रश्नाने कामकाज सुरू होतं. ज्यांनी ऐन उमेदीत चोकवाली गाडी चालवली ते आबा म्हणतात, 'चोक ओढ.' गाडीला चोक नाही, हे त्यांना सांगू नये. मान डोलवून डॅशबोर्डखाली हात घालावा, म्हणजे त्यांचं समाधान होतं. नाना म्हणतात, 'डिझेल गोठलं.' गाडी पेट्रोलची आहे. ती डिझेलची असती तरी मुद्दा टिकला नसता, कारण आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिवाळी प्रतीचं डिझेल येतं आणि ते आपल्या गारठ्याला सहसा पुरून उरतं. डिझेलवाल्याने एवढंच करावं : किल्ली अर्धी फिरवून मीटरवरचा स्प्रिंगसारखा पिवळा दिवा विझू द्यावा, मग सेल्फ मारावा. तो हीटर प्लगचा दिवा आहे. शोभेचा नाही.

तिसरे सदस्य, जे कधीच काही बोलत नाहीत, ते सुचवतात की हेडलाइट लावून सेल्फ मार. यांचं ऐकावं. हेडलाइटला दहा-बारा अँपियर पुरतात, सेल्फला शंभराच्या वर लागतात. म्हणून दिवे लागले यावरून बॅटरी धडधाकट ठरत नाही. सेल्फ मारताना दिवे मलूल झाले, तर दोष बॅटरीत किंवा टर्मिनलवर जमलेल्या पांढऱ्या-हिरव्या भुकटीत आहे. भुकटी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने निघते. सोडा स्वयंपाकघरातून परस्पर उचलू नये, विचारावं.

कोणाकडे मीटर असल्यास लावावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२ च्या खाली म्हणजे रिकामी. इथे समिती एकमुखाने ठराव करते : 'थंडीनं बॅटरी मेली.'

हा ठराव फेटाळून लावावा. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते हे खरं, पण शून्य अंशावरही चांगल्या बॅटरीची साधारण ऐंशी टक्के ताकद शिल्लक असते आणि धुळ्याच्या बदनाम पहाटेही शून्य बराच लांब असतो. कॅनडात विनिपेगला पारा उणे तीसला जातो. तिथे इंजिनाला हीटर बसवलेला असतो, गाडीच्या तोंडातून वायर लोंबत असते आणि पार्किंगमध्ये प्लगची सोय असते. तिथे स्थायिक झालेला पुतण्या रात्री गाडी चार्जिंगला लावल्यासारखी लावतो आणि सकाळी कामावर जातो. मग सहा अंशांत आपलीच का बसते?

आरोपी मे महिना आहे. जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीस ओलांडतो, उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. त्या उष्म्याने बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या शिशाच्या जाळ्या गंजतात; दर दहा अंशांमागे तिचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. पण उन्हाळ्यात हे उघडकीस येत नाही. ऑईल पातळ, रसायनं जलद, अर्धमेली बॅटरीही इंजिन सहज फिरवते. पहिल्या कडाक्याला जास्त जोर लावायची वेळ येते आणि बिंग फुटतं. त्याच गारठ्यात रावेर-यावलला केळीवर चरका पडतो, तिथे थंडीला दोष द्यावा. बॅटरीपुरती ती फक्त साक्षीदार आहे. सबब बॅटरी दिवाळीच्या आधी तपासून घ्यावी. कोणी घेत नाही.

आता धक्का. गाडी ऑटोमॅटिक असल्यास समितीला चहा पाजून परत पाठवावं. गिअरची असल्यास किल्ली चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. वेग आला की क्लच झटकन सोडावा. धक्का देणारे सगळे एकाच बाजूला लोटताहेत याची खात्री करून घ्यावी.

शेजाऱ्याची गाडी आणि केबल मिळाली तर उत्तम. लाल चिमटा आधी आपल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग त्यांच्या. काळा त्यांच्या निगेटिव्हला, आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी त्याला आवडते.

गाडी चालू झाली की लगेच बंद करू नये, निदान तासभर पळवावी. जळगावकरासाठी याचा अर्थ भरीत पार्टी. असोदा जवळ पडतं, तेवढ्यात बॅटरी भरत नाही; म्हणून भुसावळ ओलांडून बामणोदला जाणं तांत्रिकदृष्ट्या अनिवार्य आहे, आणि घरी तसंच सांगावं. शेतात गाडी उतारावर, तोंड रस्त्याकडे करून लावावी. अंधार पडल्यावर पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जातात, बडजीत ठेचली जातात, आणि कोणीतरी हमखास म्हणतं, 'भाऊ, जरा हेडलाइट लाव, मिरच्या दिसत नाहीत.' ठाम नकार द्यावा आणि शेतमालकाच्या ट्रॅक्टरकडे बोट दाखवावं.