फायटरला काम द्या!

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या टेबलावर विझार्डने, म्हणजे जादूगाराने, फायरबॉलचा मंत्र टाकला. आठ फासे खळखळले, खोलीतले सगळे गॉब्लिन जागच्या जागी खलास. पुढची पाळी तलवारवाल्या फायटरची, आणि मारायला कुणी उरलेलंच नाही. आठवडाभर नोकरी करून, गर्दीतून प्रवास करून आलेल्या माणसाच्या वाट्याला एकच वाक्य आलं: 'मी दारापाशी लक्ष ठेवतो.'

एवढ्यासाठी बोलावलं होतं त्याला?

लहान मुलं लिंबूटिंबूला खेळात घेतात, पण त्याला कुणी आउट करत नाही, कारण त्याला कुणी मोजतच नाही. सहा वर्षांच्या पोराशी असं वागणं ही माया. तिशीतल्या मित्राशी असं वागणं हा अपमान आहे.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आला, तेव्हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी फायटर आणि जादूगार यांच्यातला तोल काळावर सोडला होता. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र. तोवर तलवारवाल्याने त्याला जपायचं, पुढे जादूगार सगळ्यांना भारी पडणार. आज तुझं राज्य, दोन वर्षांनी माझं. कागदावर हिशेब चोख. पण दोन वर्षं गट टिकतो कुठे? कुणाची बदली होते, कुणाचं लग्न ठरतं, कॅम्पेन, म्हणजे सलग चालणारी कथा, अर्ध्यात बंद पडतं.

उधारीचा न्याय बुडीत खात्यातच जातो.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने हा प्रश्न मुळापासून सोडवायचं ठरवलं. फायटर असो की विझार्ड, सगळ्यांच्या शक्तींना एकच साचा: काही कधीही वापरा, काही चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. तोल जमला. मग खेळाडू खूश झाले? पुष्कळ जण उठले आणि २००९ मध्ये जुन्याच नियमांवर उभ्या राहिलेल्या 'पाथफाइंडर' या खेळाकडे गेले.

लोकांना बरोबरी हवी होती, गणवेश नको होता.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीला तरी किती शिव्या घालायच्या? खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरसाठीच्या, म्हणजे डीएमसाठीच्या, तिच्या पुस्तकाने खेळातल्या दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी धरल्या होत्या. विझार्डचे मंत्र प्रामुख्याने रात्रभराच्या विश्रांतीनंतर परत येतात. फायटरची अ‍ॅक्शन सर्ज, म्हणजे एका पाळीत जादा कृती करायची शक्ती, तासाभराच्या विश्रांतीत परत येते. म्हणजे दिवस लांबला की विझार्ड हात राखून खेळतो आणि फायटर उठून दिसतो. आपल्या टेबलावर दिवसाला किती चकमकी होतात? एक. फार तर दोन. विझार्ड पहिल्याच लढाईत सगळी झोळी रिकामी करतो आणि म्हणतो, चला, झोपू या.

डीएम झोपू देतो. दोष मात्र पुस्तकाचा!

डीएमचे नेहमीचे उपायही बघा. एक, राक्षस मोठा करायचा. विझार्डला जड जाणारा राक्षस फायटरलाच एका फटक्यात आडवा करतो. दोन, दर आठवड्याला जादू न चालणारी खोली आणायची. म्हणजे एकाची करमणूक जप्त करून दुसऱ्याला वाटायची.

एकाला रडवल्याने दुसरा हसत नाही.

विषमता उघड मान्य करूनही खेळ रंगतो. 'आर्स मॅजिका' या खेळाने १९८७ सालीच ते दाखवलं. तिथे मांत्रिक सर्वांत बलवान, साथीदार दुय्यम, ग्रॉग म्हणजे साधे शिपाईगडी. पण या भूमिका फिरत्या. आज जो मांत्रिक, तो उद्या शिपाई. २००२ च्या, 'बफी' या टीव्ही मालिकेवरच्या खेळात नायकाला दहा ड्रामा पॉइंट आणि त्याच्या साध्यासुध्या मित्रांना वीस. ताकद ज्याची कमी, कथेला वळण द्यायची संधी त्याला जास्त.

ताकद कमीजास्त असू द्या. गरज प्रत्येकाची लागली पाहिजे.

ते घडवायला नवं पुस्तक लागत नाही. किल्लेदार जुना सैनिक असू द्या, तो मांत्रिकाला उभं करणार नाही, फायटरशीच बोलेल. एकाच वेळी दोन दारांवर हल्ला करा, विझार्ड दोन्हीकडे पुरणार नाही. बळी पहाटेच्या आत जाणार असेल, तर आठ तास झोपायची हिंमत कुणाची होईल?

आणि सगळं ओझं डीएमच्याच डोक्यावर का? विझार्ड खेळणाऱ्यालाही दोन शब्द. फायरबॉल तिसऱ्या लेव्हलचा मंत्र, तसाच 'हेस्ट'ही. खर्च एकच. पहिल्यात मित्र बघत बसतो. दुसऱ्यात त्याचा वेग दुप्पट होतो, बचाव वाढतो, दर पाळीला एक वार जादा मिळतो. ज्याच्या हातात जास्त आहे, त्यानेच आधी हात पुढे करायचा. एवढी रीत आपल्याला घरात कळते, टेबलावर का कळू नये?

खेळ संपल्यावर डीएमने प्रत्येक नावापुढे एक प्रश्न लिहावा: हा आज आलाच नसता, तर काय अडलं असतं? ज्याच्यापुढे 'काही नाही' असं उत्तर येईल, पुढचा खेळ त्याच्यापासून सुरू करा. तो येणं बंद करायच्या आत.